घरी अंग घासायला काय वापरता? (पाठ काळी पडलीय, स्क्रब सुचवा)

नऊ_सतराची_फास्ट

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर तुळशीच्या लग्नानंतर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे, मुलुंडातच, आणि मी हौसेने मागे मोठ्ठा गळा असलेला ब्लाऊज शिवायला टाकलाय. परवा टेलरकाकांकडे ट्रायलला गेले, दोन आरशांमध्ये पाठ बघितली आणि हादरलेच. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांवर मळकट तपकिरी पट्टे. दंडाच्या बाहेरच्या बाजूलाही थोडं तसंच, शिवाय तिथे बारीक बारीक काटे, अंगावर काटा येतो ना तसे पण हे कायमचे. आई म्हणते मळ साचलाय, नीट घासत नाहीस. आता आईला काय सांगू, मी रोज संध्याकाळी ट्रेनमधून घामाघूम होऊन आले की पहिलं काम म्हणजे नायलॉनच्या जाळीवर साबण घेऊन खसाखसा घासते, गेली पाचसहा वर्षं!! सकाळी एकदा, रात्री एकदा.

पार्लरवाली बॉडी पॉलिशिंगचे साडेचार हजार सांगतेय. त्यापेक्षा घरी काही करता येईल का? साखर, मीठ, कॉफी, बेसन, जे काही तुम्ही स्वतः वापरलंय ते सांगा. आणि आठवड्यातून किती वेळा? हातात दीड महिना आहे.

मेथीदाणा

कॉफी! दोन चमचे साखर, एक चमचा कॉफी पावडर (फिल्टर कॉफीचा चोथा असेल तर अजून छान, फुकटात), एक चमचा खोबरेल. ओल्या अंगावर गोल गोल चोळायचं, पाच मिनिटं, धुवून टाकायचं. मी दर रविवारी करते, अंग इतकं मऊ होतं की नवरा विचारतो नवीन साबण आणलास का. त्याची मजल तिथपर्यंतच.

चाळीतला_शेवटचा_दरवाजा

@मेथीदाणा, कॉफीचं नाव काढू नका. आमची मोरी घरातच, दोन बाय तीनची, कपडे भांडी अंघोळ सगळं तिथेच. बायकोने व्हिडिओ बघून तुमचाच प्रयोग तीन रविवार केला. चौथ्या रविवारी मोरी तुंबली. कॉफीचा चोथा आणि गोठलेलं खोबरेल, पाईपात लापशी झाली होती नुसती. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या काय रे तुमच्याकडे कॉफीचा कारखाना आहे का, भिंतीतून वास येतोय. प्लंबरने सहाशे घेतले आणि वर ज्ञान दिलं. शिवाय तेलाने लादी अशी गुळगुळीत झाली होती की बाबा घसरता घसरता वाचले. वय वर्षं ७४. तेव्हापासून आमच्याकडे हमाम बंद.

मेथीदाणा

हाहा, अहो जाळीवर जुना पायमोजा लावायचा ना! आणि नंतर लादीवर भांड्यांचा साबण टाकून गरम पाणी ओतायचं.

बंड्या_ठाकूरद्वार

आम्ही वर्षातून एकदाच घासतो, नरक चतुर्दशीला पहाटे, कारीट फोडायच्या आधी. आणि उटणं विकत घेत नाही. गेल्या वर्षी घरात सात पुड्या आल्या, सात वेगवेगळे इच्छुक उमेदवार, प्रत्येक पुडीवर हात जोडलेला फोटो. पहाटे पाच वाजता उघड्या अंगाने उभं असताना सात जण एकदम आपल्याकडे बघून हसतायत, फार अवघडल्यासारखं होतं हो.

खारफुटी

@बंड्या 😂😂 कीबोर्डवर चहा सांडला

सुमीमावशी

नऊ सतराची, बाळ, ते कॉफीबिफी राहू दे. उटणं घरी कर. आमच्याकडे गिरगावात असताना आई करायची तेच प्रमाण देते. मसूर डाळ पाव किलो, किंचित भाजून दळायची. मुलतानी माती १०० ग्रॅम. आंबेहळद ५० ग्रॅम (आंबेहळदच, भाजीतली हळद घालू नकोस, पिवळीधम्मक होऊन ऑफिसला जाशील). नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गव्हला कचोरा प्रत्येकी २५ ग्रॅम. बावची १० ग्रॅम. सावलीत वाळवलेल्या गुलाबपाकळ्या आणि संत्र्याची साल असतील तशा. दादरला काष्ठौषधीच्या दुकानात यादी दिली की सगळं एका पिशवीत बांधून देतात.

आता महत्त्वाचं. सगळं दळून झालं की वस्त्रगाळ करायचं. चाळणीने नाही, मलमलच्या फडक्यातून. नागरमोथ्याच्या काड्या आणि वाळ्याचे तंतू राहिले तर अंगावर ओरखडे उठतात. आणि आधी तेल! कोमट तीळतेल अंगाला जिरवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग उटणं दुधात नाहीतर पाण्यात कालवून लावायचं. कोरड्या अंगावर उटणं चोळणाऱ्या माणसाला माझ्या आईने मोरीतून बाहेर काढलं असतं.

चिंगी

लिंबू कोणी सांगितलं नाही म्हणून मीच सांगते, सांगू नका. मे महिन्यात अलिबागला जायच्या आदल्या दिवशीपासून मी अर्ध्या लिंबावर साखर लावून हात, मान, कोपरं सगळं घासलं. आणि सकाळीसुद्धा, निघायच्या आधी. मग मांडव्यापर्यंत लाँचच्या डेकवर उन्हात, मग दिवसभर किनाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी हाताला आग, तिसऱ्या दिवशी फोड, आणि ते गेल्यावर तपकिरी ओघळ, अक्षरशः रस कसा खाली ओघळला त्याचा नकाशा हातावर. ऑगस्टपर्यंत फुल बाह्यांचे कुर्ते घातले. ऑफिसात सगळ्यांना वाटलं मी धार्मिक झाले.

पंचा_आणि_लाल_साबण

काय हे एकेक. पाणी, साबण, पंचा. पंच्याने खसखसून पुसलं की झालं. ५८ वर्षं हेच चाललंय. जाता जाता, पंचा हल्ली चांगला मिळत नाही हे खरं दुःख आहे, त्यावर कोणी धागा काढत नाही.

वरच्या_मजल्यावरची

मला नैसर्गिक घोसाळ्याची जाळी आवडते. गावाला वेलावरच सुकू देतात, मग साल काढून बिया झटकायच्या. नायलॉनपेक्षा बरी. कोकणातून येताना दोनचार आणते.

खारफुटी

शिराळ्याची ना? का दोडक्याची?

वरच्या_मजल्यावरची

शिराळं आणि दोडका एकच हो, धारा असलेलं. आमच्याकडे शिराळं म्हणतात, घाटावर दोडका. जाळी करतात ती घोसाळ्याची, गुळगुळीत सालीचं असतं ते.

खारफुटी

आणि त्याची भजी. 🤤 पाऊस गेला राव, खायची राहूनच गेली.

बंड्या_ठाकूरद्वार

म्हणजे वेलावरून वेळेत काढलं तर भजी, विसरलं तर स्पा.

कोकमसरबत

अवांतर: आजीकडे पितळेची वज्री होती, टाचा घासायला, वरती मोर आणि आत खुळखुळा, घासताना छुमछुम वाजायची. कुणाकडे आहे का अजून? मी इथे एका जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर "वजरी हवी आहे" असं टाकलं तर एकाने मटणाच्या दुकानाचा पत्ता पाठवला आणि साफ करायची कृतीसुद्धा.

चाळीतला_शेवटचा_दरवाजा

कृती इथे द्या. टाचा नंतर बघू.

कातडीबचाव

धागा उशिरा बघितला. व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. इथे कोणाचं निदान करत नाही, पण धागाकर्तीच्या वर्णनात एक ओळ आहे तिच्यावर सगळे उड्या मारून पुढे गेलेत. "नायलॉनच्या जाळीने रोज, दोनदा, पाचसहा वर्षं."

ओपीडीत हे आठवड्याला एकदा तरी बघतो. खांद्याचे फरे, दंडाची बाहेरची बाजू, नडग्या, गळ्याखालचं हाड. म्हणजे जिथे कातडीखाली लगेच हाड आहे आणि जाळी जोरात बसते त्या जागा. तिथे तपकिरी-करडा रंग येतो, जवळून बघितलं तर भरती ओसरल्यावर जुहूच्या वाळूवर उठतात तशा बारीक लाटा दिसतात. पेशंट म्हणतो डॉक्टर मळ जात नाही. मळ नसतोच तो. सततच्या घर्षणाने कातडीने स्वतःला वाचवायला रंगद्रव्य तयार केलंय, ते खालच्या थरात झिरपलंय, आणि काही जणांत केराटिन (नखा-केसांतलं कडक प्रथिन) बनवणाऱ्या पेशींच्या अवशेषांपासून अमायलॉइड नावाचं प्रथिनही तिथे साठतं. (हे फक्त कातडीतलं, किडनी-हृदयात होणाऱ्या अमायलॉइडशी याचा संबंध नाही, गूगल करून घाबरू नका.) जपानमध्ये नायलॉनचे अंग घासायचे टॉवेल घरोघरी आले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हेच लिहून ठेवलं, ८०च्या दशकात. आपल्याकडे जाळी आहे एवढाच फरक.

आता गंमत अशी की रंग दिसला की माणूस जास्त घासतो, जास्त घासला की जास्त रंग. आईचा सल्ला प्रेमाचा आहे पण इथे उलटा बसतो.

थोडं गणित. कातडीचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर बहुतेक अंगावर फक्त १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन झडायला साधारण महिना लागतो, वय वाढलं की जास्त. तो थर कचरा नाही, तोच पाणी आत धरतो आणि जंतू बाहेर ठेवतो. दिवसातून दोनदा तासून काढायला घराला रंग काढतोय का आपण?

दंडावरचे काटे बहुधा केराटोसिस पिलॅरिस. केसाच्या मुळाशी केराटिनची बारीक गुठळी अडकते. निरुपद्रवी, बहुतेक वेळा घराण्यात असतं, बाबांचे दंड बघा. घासून जात नाहीत, लाल मात्र होतात. युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड असलेलं मॉइश्चरायझर नियमित लावलं की मऊ पडतात, सोडलं की परत.

सध्या एवढंच करा: जाळी फेका, हाताने साबण लावा, ओल्या अंगावरच मॉइश्चरायझर, आणि एखाद्या त्वचातज्ज्ञाला पाठ प्रत्यक्ष दाखवा. दीड महिन्यात जाईल असं मी सांगणार नाही. महिने लागतात.

नऊ_सतराची_फास्ट

डॉक्टर 😳 मी आत्ता मोबाईलचा टॉर्च लावून बहिणीला फोटो काढायला लावला. लाटा आहेत. वाळूच्याच. आणि बाबांना बाही वर करायला सांगितली, त्यांच्या दंडाला डिट्टो माझ्यासारखे काटे!! ते म्हणाले मला वाटायचं सगळ्यांनाच असतात.

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली "डॉक्टरांना काय जातंय सांगायला." जाळी मात्र गुपचूप भांडी घासायला घेऊन गेलीय.

सुमीमावशी

डॉक्टर, तुमचा आदर आहे, पण आमच्या आज्या पणज्या आयुष्यभर अंग घासत आल्या, माझी आजी ९१ची होऊन गेली, कातडी अशी रेशमासारखी. तेव्हा कुठे होत्या लाटा?

कातडीबचाव

मावशी, तुम्हीच वर उत्तर दिलंय. आधी तेल, मग वस्त्रगाळ पीठ, तेही वर्षातून काही दिवस. तेलाने घर्षण कमी होतं, पीठ मऊ असतं आणि ते तेल शोषून निघून जातं. नायलॉनची जाळी कोरड्या अंगावर, साबण लावून, रोज, ही अगदी वेगळी गोष्ट झाली. साबणाच्या वडीचा पीएच ९-१०, कातडीचा ५च्या आसपास. तुमची आजी उटण्याने वाचली असं नाही म्हणत, पण जाळीने बिघडली नाही एवढं नक्की.

एकच दुरुस्ती सुचवतो, रागावू नका. बावची काढा. तिच्यात सोरॅलेन असतं, ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. म्हणूनच ती कोडाच्या उपचारात उन्हाबरोबर वापरायचे, मोजूनमापून. चिंगी यांच्या हाताचं झालं तेही त्याच घराण्यातल्या द्रव्यांमुळे, लिंबाच्या सालीत भरपूर असतात. अलिबागला बावची लावून जा किंवा लिंबू, नकाशा उठणारच.

सुमीमावशी

बावची मी पहाटे लावते, उन्हात नाही. पण ठीक आहे, नातीच्या पुडीत नाही घालणार. माझ्या पुडीत घालणार.

चिंगी

म्हणजे माझ्या हातावरच्या नकाशाला शास्त्रीय कारण आहे! आता ऑफिसात सांगता येईल.

दुबळी_दुधी

मला वेगळाच प्रश्न आहे, हसू नका. ते पीलिंग जेल मिळतं ना, कोरड्या चेहऱ्यावर चोळलं की मळाच्या वळ्याच वळ्या निघतात, बघून इतकं समाधान मिळतं. ते चांगलं का?

कातडीबचाव

एक प्रयोग करा. तेच जेल काचेच्या बशीवर घ्या आणि बोटाने चोळा.

दुबळी_दुधी

😐

बशीवरही वळ्या आल्या.

धुतलेली बशी होती.

चाळीतला_शेवटचा_दरवाजा

बशीची मृत त्वचा 😂😂😂

कातडीबचाव

जेलमधलाच घट्ट करणारा पदार्थ चोळल्यावर गोळा होतो. थोड्या पेशी सोबत येत असतील, पण तुमच्या समाधानाचा मोठा भाग ट्यूबमधूनच आलेला असतो. बेसन, उटणं यांच्या वळ्यांतसुद्धा बरंचसं पीठ असतं.

सोलसाल

मी कंपनीच्या कामाने दोन वर्षं कोरियात होतो, तिथल्या सार्वजनिक स्नानगृहात मावश्या हिरव्या खरखरीत हातमोज्याने अंग घासतात. त्या मोज्याला म्हणतात इटली टॉवेल, कारण सुरुवातीला कापड इटलीतून आणलं होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशीने मला माशासारखं उलटंपालटं केलं आणि माझ्याच अंगातून निघालेल्या राखाडी शेवया मला दाखवल्या. लाजून मेलो. पण तिथे आधी अर्धा तास गरम पाण्यात भिजवतात, आणि हे रोज कोणी करत नाही. इथे परत आल्यावर मोजा वापरून बघितला तर बादली आणि मगने काही अंग भिजत नाही, नुसतं सोललं जातं. शिवाय आमच्या सोसायटीत सकाळी पाणी पाऊण तास. शेवया काढत बसलो तर बायको अंघोळीवाचून ऑफिसला जाईल.

मेथीदाणा

डॉक्टर, मग माझी कॉफीसाखर पण बंद करू का? खरं सांगा.

कातडीबचाव

तुम्हाला काही त्रास नसेल तर आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, बारीक साखर, चालेल की. साखर पाण्यात विरघळते म्हणून ती माफ करते. मीठ जास्त टोकदार, वॅक्सिंग किंवा रेझरनंतर तर नकोच, बोंब माराल. अक्रोडाच्या कवचाचा भुगा असलेले स्क्रब चेहऱ्याला वापरू नका. बेकिंग सोडा नको. ताजं करा, ताजं संपवा, बाटलीत भरून बाथरूममध्ये ठेवलं आणि ओला हात गेला की बुरशी. मुरुमं पिकलेली असतील, एक्झिमा, सोरायसिस, मस्से असतील तिथे घासायचंच नाही, मस्से तर पसरतात.

फक्त_वाचक

पूर्वी त्या फेसवॉशमध्ये निळे निळे मणी असायचे ते कुठे गेले?

खारफुटी

ते प्लॅस्टिकचे होते हो, पॉलिइथिलीनचे. गाळणीतून सुटून सरळ समुद्रात. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून बंद केले, ब्रिटनने २०१८ला. माझं आयडी बघा, मी या विषयावर चार तास बोलू शकते पण बोलत नाही. नुसतं डब्यावर पॉलिइथिलीन लिहिलंय का ते बघा.

कोकमसरबत

मानेचं काय? माझ्या भावाची मान मागून काळी, मखमलीसारखी जाड. वहिनी रविवारी त्याला बसवून बेसन, दही, लिंबू सगळं लावून घासते. तो ओरडतो, मुलं टाळ्या वाजवतात.

कातडीबचाव

घासणं थांबवा आणि साखर तपासा. गमतीने म्हणत नाहीये. मान, काखा इथे मखमली जाड काळेपणा म्हणजे अकँथोसिस निग्रिकन्स, बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) करून घ्या. वजन उतरलं की मानही उजळते. बेसन त्यांना भज्यांत कमी द्या.

कोकमसरबत

पाठवला भावाला मेसेज.

आशूची_आई

बाळांचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे मालिशवाल्या मावशी रोज बेसनाच्या गोळ्याने बाळाचं कपाळ आणि पाठ लाटायच्या, लव जावी म्हणून. बाळ किंचाळायचं. मी पहिलटकरीण, सासूबाई समोर, बोलायची हिंमत नाही. पाचव्या दिवशी पाठीवर पुरळ. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं ती लव आपोआप काही आठवड्यांत झडते, बेसनाने नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी मी मावशींना म्हटलं नुसतं तेल लावा, पैसे तेवढेच देते. त्या म्हणाल्या केसाळ राहिली तर मला बोल लावू नका. नाही राहिली.

पंचा_आणि_लाल_साबण

तीस प्रतिसाद झाले, वजरीची कृती अजून आलेली नाही.

कोकमसरबत

चुन्याच्या पाण्यात ठेवून, गरम पाण्याने, मग सुरीने खरवडून तो वरचा काळा थर काढायचा. बघा, तिथेपण स्क्रबिंगच.

सोलसाल

आणि टाचांच्या वज्रीबद्दल एक गंभीर सूचना. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, पायाला संवेदना कमी. दगडाने टाच घासता घासता जखम झाली ती त्यांना कळलीच नाही, चादरीवर रक्त दिसलं तेव्हा समजलं. चार महिने ड्रेसिंग चाललं. डायबिटीसवाल्यांनी टाचा स्वतः घासू नयेत.

नऊ_सतराची_फास्ट

(तीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायचं राहिलं. त्वचातज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय वापरता घासायला?" मी म्हटलं वापरत होते. हसल्या. कातडीबचाव म्हणाले होते तेच निघालं. एक क्रीम दिलंय, एक लॅक्टिक अ‍ॅसिडचं लोशन दंडांना, आणि उघड्या भागाला एसपीएफ ३०चं सनस्क्रीन. मेडिकलवाला त्या क्रीमऐवजी "हे घ्या मॅडम, यानं आठ दिवसांत गोरं होतं" म्हणून दुसरीच ट्यूब देत होता, घरी येऊन नाव शोधलं तर स्टेरॉइडवालं, बरं झालं नाही घेतली.

दंडाचे काटे खरंच मऊ पडलेत. पाठ आहे तशीच आहे, लाटा जागच्या जागी. रोज घासायची इतकी सवय की पहिले आठ दिवस अंघोळ झाल्यासारखीच वाटत नव्हती, विशेषतः कांजूर ते मुलुंड कुणाच्या तरी काखेखाली उभं राहून आल्यावर. आता सगळीकडे साबण चोळत नाही, काखा, मान, पाय, बाकी नुसतं पाणी. कोणी वास येतो म्हटलेलं नाही, अजून तरी.

नरक चतुर्दशीला मावशींचं उटणं केलं. बावचीशिवाय. मलमलच्या फडक्यातून गाळताना अख्खं स्वयंपाकघर पिवळं झालं, पंख्याच्या पात्यांवर पण बसलंय. तेल लावून मग हलक्या हाताने लावलं. वास असा आला की मी पाच वर्षांची झाले. कारीट आईने फोडलं.

सुमीमावशी

शहाणी माझी बाय. पंखा बंद करून गाळायचं असतं हे लिहायचं राहिलं.

मेथीदाणा

अगं पण ब्लाऊजचं काय केलंस शेवटी?

नऊ_सतराची_फास्ट

टेलरकाकांना म्हटलं मागचा गळा बंद करा. ते म्हणाले कापड कापून झालंय, आता वर नेट लावून देतो, त्यावर मोती, साडेसहाशे जास्त. लावून घेतली. काल ट्रायल होती, दिसतंय खरं तर आधीपेक्षा भारी, फक्त नेट नायलॉनची आहे आणि बरोब्बर फऱ्यांवर घासते. आता आत मलमलचं अस्तर लावायला दिलंय. उटण्याचं उरलं होतं तेच.